अर्चना कुणाच्या नावाने?

गुरुवारी ऑफिसला सुट्टी होती, म्हणून शेजारच्या सरोजाक्कांबरोबर बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका देवळात गेले. अक्का निपाणीकडच्या, त्यांच्या मराठीला कन्नड हेल. मी फक्त पिशवी धरायला चाललेय, असं स्वतःला बजावलं होतं...

आमच्या घरी देव्हारा नव्हता. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं, धर्म कसा जन्मला तेही त्यांनीच सांगितलं. माणूस विजेला घाबरला, मरणाला घाबरला, आणि त्याने देव केला.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही विधी केला नाही. पण तेव्हापासून त्यांचं नाव मी फक्त फॉर्मवर लिहिलंय... मोठ्याने कुणी घेतलेलं ऐकलंच नाही.

रांग सरकली. इथे नाव-नक्षत्र उच्चारून देवाला फुलं वाहतात, ती अर्चना. पुजाऱ्यांनी त्यासाठी विचारलं, "हेसरु?" नाव काय, एवढं कन्नड मला कळतं. तोंडातून निघून गेलं... "मधुकर. माझे बाबा."

"नक्षत्र?"

माहीत नव्हतं. "एवढं कॉम्प्युटर शिकलीस, बापाचं नक्षत्र ठाऊक नाही होय गं?" अक्का हसल्या.

पुजारी म्हणू लागले. मधुकर... आणि लगेच आयुष्य, आरोग्य... तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ही अर्चना जिवंत माणसासाठी असते! बाबांनाही फसवलं, देवळालाही.

राहवेना. "ते वारलेत, माझं चुकलं," मी अक्कांना म्हटलं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी हळूच पुजाऱ्यांना सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव विचारलं. मी सवयीने शाळेत सांगायचे तसं सांगितलं, "अनघा मधुकर..."

"अगं, तुझं एकटीचं सांग! इथे बापाचं लावत नाहीत," अक्का कुजबुजल्या.

"इरली, इरली," पुजारी म्हणाले. असू दे. आणि त्यांनी खणखणीत आवाजात दोन्ही नावं एकत्र घेतली. मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनी हात जोडले होते...

मी अजूनही नास्तिकच आहे, बहुतेक. पण भीतीच्या जोडीला हेही असेल का, की गेलेल्या माणसाचं नाव चारचौघांत कुणीतरी घ्यावं, म्हणून माणसं देवळं बांधून एकत्र जमू लागली?

बाबांनी हे खोडून काढलं असतं, मुद्देसूद, तासभर. मी हरले असते तरी चाललं असतं...