धार कोण काढणार?

१९७९ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या दिलदारचाचांनी मला अगदी वैताग आणला होता. चाचा म्हशीवाले. नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेल्या त्यांच्या मुलानं, फक्रुद्दीननं, पिओरिया नावाच्या गावाहून तिघांची तिकिटं पाठवली होती. अम्मी, अब्बा आणि धाकटी मेहमुदा, सगळ्यांनी महिनाभर या, नदीत बोटीनं फिरू, असं त्यानं लिहिलं होतं. चाचीची चटणी कुटून झाली होती. मेहमुदा भिंग घेऊन नकाशात ते गाव शोधत होती. चाचांचं मात्र एकच पालुपद, "माझ्या हाताबिगार म्हस पान्हा सोडत न्हाय. धार कोण काढणार?"

"मी काढतो की!" शेवटी मी ओरडलोच.

दुसऱ्या दिवसापासून चाचांचा मळका सदरा अंगात घालून मी म्हशीखाली बसायला लागलो. चाचा गोठ्याच्या दारात उभे राहून बघायचे. चार दिवस तिनं लाथा झाडल्या, पान्हा चोरला. पाचव्या दिवशी थोडं दूध दिलं. आठव्या दिवशी मी सदरा न घालताच बसलो, तरी बादली भरली.

"झालं न्हवं, चाचा? आता बांधा की गाठोडं!"

चाचांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही, पेंड खात राहिली.

"आठ दिवसांत इसरली रं ही मला," ते हळूच म्हणाले. "पोराला तर नऊ वर्सं झाली."