चिंचेखालचं अळंबं

कुसुमताई गेल्याचं मला पाण्याच्या टँकरपाशी कळलं. माझी कळशी नळीखाली होती आणि वॉचमन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरची टीचरम्मा गेली." कळशी भरून वाहायला लागली तरी मी हलले नाही... मागच्या बायका ओरडल्या तेव्हा भानावर आले.

ताई तंजावरच्या मराठी घरातल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. आम्ही साताऱ्याकडचे, नोकरीपायी तमिळ मुलखात आलेले. यांना सकाळी ओरगडमच्या कारखान्याची बस घेऊन जायची आणि वेलचेरीच्या त्या घरात मी दिवसभर गप्प. तमिळ येईना, कुणाशी बोलायचा धीर होईना. ताईंची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढलेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला रडूच आलं.

एकदा पाऊस पडून गेल्यावर त्यांनी मला आवारामागच्या चिंचेखाली नेलं. तिथं भाकरीएवढं अळंबं उगवलं होतं. टोपीखाली पाती नव्हती, स्पंजासारखी बारीक भोकं होती. ताईंनी ते सुरीनं चिरलं.

"रंग सांग मा." मोतीबिंदूमुळे त्यांना निळं आणि राखाडी सारखंच दिसायचं.

"पांढरा," मी म्हणाले. मग बघता बघता... "निळा झाला, ताई! कपड्यांच्या निळीसारखा."

"अय्यो! किती वेळात?"

"तुम्ही विचारेपर्यंत झालासुद्धा."

त्या एवढ्या हसल्या, की वॉचमन धावत आला.

त्या अळंब्याचं घराणं त्यांना ठरवायचं होतं. निळी पडणारी पुष्कळ असतात, नुसत्या निळ्यावर भागत नाही. टोपी कोऱ्या कागदावर ठेवून वर भांडं झाकायचं, मग खाली बारीक धूळ पडते. ती शेवाळी-तपकिरी पडली तर एक घराणं, पिवळी पडली तर दुसरं. "तपकिरीच पडणार. लाव पैज!" ताई म्हणाल्या. मी चौथी शिकलेली, त्यांच्याशी कसली पैज लावते! पण उकाड्यानं टोपी भांड्याखालीच नासली, तिच्यात किडे झाले. त्यानंतर चिंचेवरून जाताना ताईंची मान दर खेपेला खाली असायची. दवाखान्यात भेटायला गेले तर तोंडावरची नळी सारून त्यांनी एवढंच विचारलं, "उगवलं का मा?"

नव्हतं उगवलं. मी तसं सांगितलं.

ते मागच्या आठवड्यात उगवलं. तोवर ताईंचा पुतण्या येऊन घराला कुलूप लावून गेला होता. मी चिंचेखाली बसून एक अळंबं चिरलं आणि तोंडातून आपसूक निघालं, "निळा..." पाठीमागे कुणी तरी वाकून ऐकतंय असं वाटलं. मी मागं वळले नाही. वळले असते तर तिथं कुणी नसतं.

टोपी घरी आणून झाकली. सकाळी कागद पिवळा होता. माझे हात स्वयंपाकाचे, हळदीचे. ताईंनी आधी तेच विचारलं असतं. हात साबणानं घासून धुतले, नव्या कागदावर दुसरी टोपी ठेवली. तिचीही धूळ पिवळीच.

कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. आजवर मी कुणालाच 'तुमचं चुकलं' म्हटलेलं नाही, सासूबाईंना नाही, यांनाही नाही. त्या कुलपासमोर उभी राहून म्हणाले, "ताई, पिवळा पडला. तुमचं चुकलं."

आतून काही आलं नाही. तरी त्यांचं हसू संपेपर्यंत मी तिथंच थांबले.