पूजेतली पिन

चंपा भिंताडेनं दिराचा पाय कसा मोडला, असं वारज्यात कुणालाही विचारून बघा. विचारलेला माणूस आधी मागं वळून बघेल. मग स्वतःच्या खर्चानं चहा सांगेल, जे वारज्यात क्वचितच घडतं. आणि मग आवाज खाली आणून सांगेल की चंपानं होडीच्या ट्रेलरची पिन पायाच्या अंगठ्यानं उपसली, अख्खी होडी दिराच्या पायावर सोडली, आणि ‘शेड तुझी’ असं तो म्हणेपर्यंत शेजारी बसून निवांत पान लावत राहिली.

पानाची गोष्ट साफ खोटी. चंपा मिश्री लावते. बाकीचं शेवटी बघू.

हायवेच्या सर्व्हिस रोडवरून कालव्याकडे उतरलं की डाव्या हाताला तिची पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी, ‘होडीच्या ट्रेलरचे जॅक दुरुस्त करून मिळतील’. पुण्याला समुद्र नाही, हे तिला येणारा-जाणारा दिवसातून दोनदा तरी समजावून सांगतो. ती हातातलं काम न थांबवता म्हणते, “समुद्र न्हाई, पर धरणं किती हायेत ते मोजा की. मोजून झालं की या.”

वरच्या धरणांच्या पाण्यावर होड्यांचे क्लब आहेत, रिसॉर्टवाले आहेत. त्यांच्या होड्या दोनचाकी ट्रेलरवरून हिंडतात. ट्रेलर गाडीपासून सोडला की त्याचं नाक जमिनीवर आपटू नये म्हणून पुढं एक उभा जॅक असतो. वर फिरवायचं हँडल, खाली छोटं चाक, आत आटे पाडलेला दांडा. प्रवासात हा जॅक दुमडून आडवा करतात आणि उभा केला की भोकात बोटाएवढी पिन सारतात. ती पिन नसली तर जॅक नुसता तोल सांभाळून उभा असतो. खाली धक्का लागला की गुडघ्यात मोडल्यासारखा दुमडतो.

होडी पाण्यात सोडताना जॅकही बुडतो. आत गाळ जातो, आटे झिजतात, आणि एक दिवस हँडल गरगर फिरतं पण ट्रेलर तसूभर हलत नाही. तेव्हा मालकाला चंपा आठवते. ती जॅक उघडते, डिझेलमध्ये धुते, जुनं ग्रीस बोटावर घेऊन वास घेते आणि मालकाकडं न बघता विचारते, “वर्सातनं दोनदा ग्रीस भरायला हात झडत्यात का तुमचं?” मालक बहुधा इंजिनिअर असतो. तो मान खाली घालतो.

ही विद्या तिला नवऱ्यानं शिकवली, पण मरून. दत्तोबा भिंताडे वेल्डर होता. त्या दोघांच्या संसारात भांडी कमी आणि पाने जास्त उडायचे. त्यानं पाना फेकून मारला, त्याची खूण तिच्या भुवईवर आहे. तिनं तोच पाना परत फेकला, त्याची खूण त्याच्या पुढच्या दाताला होती. बरोबरीचा संसार, कुणाची तक्रार नव्हती. एकदा त्यानं विटांची भरलेली ट्रॉली जॅकवर उचलली आणि खाली काही न लावता आत सरपटला. चंपा चहा घेऊन आली तेव्हा बाहेर नुसते पाय दिसत होते आणि त्यातला एक अजून हलत होता. तिनं ट्रॉलीच्या कडेला खांदा लावला, नखं उलटेपर्यंत लावला. लोक जमले, ट्रॉली उचलली, तोवर पाय हलायचा थांबला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तोच जॅक उघडला. आत एक पितळी नट होता, आटे पार खाल्लेला. तो नट तिनं फळीवर ठेवला, तिथंच बसली आणि दुसरा बसवायला शिकली. तेव्हापासून तिचा एकच कायदा. जॅकवर उचललेल्या कुठल्याही वस्तूखाली बाभळीचे दोन ओंडके सारल्याशिवाय तिथं कुणी बोटसुद्धा घालायचं नाही.

आता दीर. हिंमतराव. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून चंपाही म्हणते. गावची जमीन शहरात गेल्यावर आबांनी शेत गुंठ्यागुंठ्यानं विकलं, गळ्यात साखळी आली, दारात पांढरी गाडी आली. उरला तो शेडचा कोपरा. तिथंच बिल्डरला टॉवरचं गेट काढायचं होतं, आणि दसऱ्याला भूमिपूजन ठरलं होतं. आबांनी सांगितलं, शेड रिकामी कर. चंपानं सांगितलं, न्हाई. त्यांनी वीज तोडली. ती उन्हाच्या उजेडात काम करू लागली. त्यांनी भर मंडईत तिच्या मुस्काटात मारली. तिनं पडलेली मेथीची जुडी उचलली, झटकली आणि मेथीवाल्याला म्हणाली, “हिच्यात माती हाय, दुसरी दे.” शेड गेली तर चंपाकडं दोन हात उरणार होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. एवढाच हिशोब होता.

खंडेनवमीला मात्र आबा दरवर्षी येत. घरातला थोरला पुरुष म्हणून हत्यारांची पूजा त्यांच्याच हातची. देवाधर्मात कुचराई नाही. घरातलं यच्चयावत लोखंड धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, कोयत्यानं कोहळा कापायचा, आणि मग दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही.

त्या सकाळी शेडमध्ये क्लबची मोठी होडी उभी होती. जॅक दुरुस्त होऊन बसवलेला. मागचं इंजिन वेगळ्या दुरुस्तीसाठी काढलेलं, त्यामुळं सगळं वजन नाकाकडं आलेलं. आबांना पाट जरा उंच हवा होता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, होडीच्या नाकाखालचे दोन्ही ओंडके ओढून काढले आणि त्यावर पाट मांडला. हातोडे आले, पाने आले, गाडीचा छोटा जॅक आला. मग त्यांची नजर ट्रेलरच्या पिनवर गेली. नवी, चकचकीत.

“हे बी लोखंडच की,” म्हणत त्यांनी ती उपसली, धुतली, हातोड्याशेजारी ठेवली आणि वर झेंडूचं फूल वाहिलं.

“आबा, पिन नको,” चंपा म्हणाली. “होडी हुभी हाय त्येच्यावर. आन् ओंडकं बी काढलं तुमी.” तिनं पिनकडं हात नेला.

आबांनी तो हात उलट्या पंजानं उडवला आणि दुसरा तिच्या कानाखाली ठेवला. “पूजेतल्या हत्याराला शिवलीस तर हात तोडीन. उद्या! घरात देवाचं कळतं का कुणाला?”

मग त्यांनी कोहळा एका घावात दोन केला, प्रसाद वाटला आणि घरी जाऊन मटणावर ताव मारला.

दुपारी ते परत आले. बरोबर दोन माणसं, एक उंच आणि एक दाढीवाला. उंचाच्या हातात पहार. दिवस आबांनी विचार करून निवडला होता. आज चंपाचं एकूण एक हत्यार पाटावर, आणि ती देवीला भिऊन असणारी बाई. हातोडा हातात असलेल्या चंपाजवळ जायची त्यांची स्वतःचीच छाती नव्हती.

“निघ,” ते म्हणाले.

“काम पडलंय.”

“काढ रे,” त्यांनी उंचाला सांगितलं.

पहार फळीवर बसली. फळी मधोमध मोडली, गिअर, बेअरिंगं, ग्रीसचे डबे खाली आले आणि दत्तोबाला खाऊन टाकणारा तो पितळी नट घरंगळत गटाराकडं निघाला. चंपा नटामागं धावली. दाढीवाल्यानं मागून अंबाडा धरला आणि तिचं तोंड पत्र्याच्या भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ओठ फाटला आणि एक दात तिच्या जिभेवर आला. तिनं तो थुंकला. तो तिला फरफटत दाराकडं नेऊ लागला, तशी ती त्याच्या मनगटाला चावली, मांस तुटेपर्यंत चावली. तो बोंबलला आणि सुटका झाली. ती रांगत पाटापाशी पोचली. समोर ओळीनं सगळे हातोडे, कुंकू लावलेले.

आबा हसले. “उचल की. उचल! देवी बघतीय.”

चंपानं हातोड्यांकडं बघितलं आणि एकालाही हात लावला नाही. पाटाशेजारी खाली पूजेच्या सामानाची कापडी पिशवी होती, तीत दोन नारळ उरलेले. नारळ काही लोखंडाचा नसतो. तिनं पिशवीच्या बंदांना पिळा दिला आणि गोल फिरवून हाणली. दाढीवाला वाकलेलाच होता. कडाड असा आवाज आला, पण नारळ फुटला की नाक, ते त्या क्षणी कळलं नाही. मग त्याच्या छातीवर रक्ताचा ओघळ आला, तेव्हा कळलं. उंचानं पहार उगारली. दुसरा फेरा त्याच्या मनगटावर बसला. पहार फरशीवर पडली, त्याचा पंजा भलत्याच बाजूला लोंबकळला, आणि तो “आई गं” करत जो पळाला तो थेट कर्वेनगरात थांबला म्हणतात. पहार भाड्याची होती, ती तिथंच राहिली.

आता आबा उरले. वय झालं असलं तरी तालमीतलं शरीर. त्यांनी पिशवी हिसकावली, चंपाचा गळा धरला आणि पाय जमिनीवरून सुटेपर्यंत वर उचललं. तिच्या डोळ्यांपुढं शेड पिवळी झाली. मग त्यांनी तिला फेकलं. ती होडीच्या पुढ्यात भिंतीशी जाऊन पडली, आणि तिथंच बसून राहिली. बरगडी आत कुठंतरी टोचत होती.

“आधी तुझं हे धूड फेकतो रस्त्यावर!” आबा होडीकडं वळले. ट्रेलरचं नाक धरलं, जोर लावला, हललं नाही. मागं सरकले. धोतर वर खोचलं. जॅकच्या चाकावर नेम धरून त्यांनी पाय उचलला.

चंपा बघत होती.

लाथ बसली. जॅक दुमडला. पाय मागं घ्यायच्या आत ट्रेलरचं नाक खाली आलं आणि आबांचा पंजा लोखंड आणि सिमेंटच्या मध्ये गेला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग आबांचा आवाज झाला, तो मात्र हायवेपर्यंत गेला.

नेमकी त्याच वेळी दारात क्लबची कोच शेफाली हेल्मेट काढत उभी राहिली. “काकू, संडेला रेस आहे, बोट रेडी झा... ओ माय गॉड!” ती धावली, नाकाखाली हात घालून उचलायला लागली. होडी तिच्यानं हलेना. दाढीवाला स्वतःचं नाक दोन्ही हातांनी धरून बसला होता, त्याला तिसरा हात नव्हता.

“पिन!” आबा ओरडले. “चंपे, जॅक लाव! पिन लाव!”

चंपा भिंत धरून उठली. तोंडातलं रक्त पदराला पुसलं.

“पूजेतली हाय, आबा.”

“लाव म्हणतो ना!”

“हात तोडाल की. उद्या लावते.”

“काकू, प्लीज!” शेफाली रडकुंडीला आली. “त्यांचा पाय बघा ना!”

“बगतेय की, बाय.”

आबांनी फरशीवर हात आपटले. “मी सांगतो! मी थोरला सांगतो! लाव हात! देवीची शप्पथ, लाव!”

“आन् शेड?”

बुटातून रक्त बाहेर यायला लागलं होतं. आबांनी दाढीवाल्याकडं बघितलं, शेफालीकडं बघितलं.

“तुझी,” ते म्हणाले.

“कुणाच्या शपथेनं?”

“खंडोबाच्या! आईच्या! तुझी शेड, तुझी, तुझी! उचल!”

मग ती पाटाकडं गेली. हात जोडले. छोटा जॅक घेतला, नाकाखाली लावला आणि हँडल फिरवू लागली. नाक वीतभर वर आलं, तसे आबा पाय ओढू लागले.

“थांबा!” ती खेकसली. “ओंडक्याबिगर काय हलवायचं न्हाई.” तिनं पाटाखालचे दोन्ही ओंडके काढले, पाट कलंडला, हातोडे आणि झेंडू सगळीकडं पसरले. दोन्ही ओंडके नाकाखाली सारले. मोठा जॅक उभा केला. पिन उचलली, तिच्यावरचं कुंकू न पुसता भोकात सारली, हलवून बघितली. आणि मगच म्हणाली, “काढा.”

आबांची दोन बोटं दवाखान्यात राहिली, बाकीचा पाय घरी आला. पोलीस आले तेव्हा त्यांनी ‘अपघात’ एवढंच सांगितलं. पहार आणि दोन माणसं घेऊन विधवा भावजयीकडं का गेले होते, हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि खंडोबाची शपथ मोडण्याइतका दुसरा पाय त्यांना स्वस्त वाटला नाही. बिल्डरनं गेट पलीकडच्या अंगाला काढलं. क्लबचे सेक्रेटरी श्रीधरपंत शनिवार पेठेतले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोनवर एवढंच म्हणाले, “बाई, आपल्याकडं जॅक दिला होता दुरुस्तीला. दीर नव्हता दिला.”

पितळी नट गटाराच्या जाळीवर सापडला. तो नव्या फळीवर आहे. पुढच्या खंडेनवमीला आबा काठी टेकत पूजेला आले, आणि पाट या खेपेला जमिनीवरच मांडला.

आता खरं काय ते. पिन चंपानं काढली नव्हती. ती आबांनीच सकाळी काढली होती, आणि चंपानं त्यांना एकदा सांगितलं होतं. दुपारी त्यांनी पाय उचलला तेव्हा पुन्हा सांगायला वेळ होता. तिनं सांगितलं नाही.