डब्यावरचं नाव

पंचवटीत आमच्या शेजारी एक आचारी राहायचे. परदेशी सहलींबरोबर दर उन्हाळ्यात ते युरोपला जायचे. पॅरिस कसं आहे विचारलं, तर म्हणायचे, "पाणी लई जड हो तिथलं. डाळ शिजता शिजत नाही." आणि रोम? "ओटा पार छातीला लागतो."

मला रागच यायचा. सात वेळा आल्प्सला गेलेला माणूस, आणि बोलतो काय, तर डाळ!

मग एका वर्षी आम्हीही त्यांच्याच सहलीला गेलो. बर्फ बघून कुडकुडत परतलो, की गरम वरणभात तयार असायचा. ते मात्र हॉटेलाबाहेर कधी दिसले नाहीत.

नाशिकला आल्यावर मी त्यांना फोटो दाखवायला नेले. चष्मा पुसून पुसून ते एकेक बघत होते. "असं असतं होय!" शेवटी त्यांनी एकच फोटो मागून घेतला. तळ्याकाठी आम्ही सगळे पुऱ्या खातोय, मागे बर्फाचे डोंगर आणि मधोमध त्यांनी सोबत भरून दिलेला स्टीलचा डबा.

"डब्यावर हिचं नाव कोरलंय," ते म्हणाले. "हिला दाखवतो. म्हणतो, मी नाही, पण तू जाऊन आलीस बघ."