आप्तांचे कपाट

हे भगवती माते, प्रवरेच्या काठी उभी राहून तू आल्यागेल्याचे क्षेम पाहतेस. हे पांडुरंगा, तू कुणा एकाचा न राहता सगळ्यांचा होतोस, आणि सगळ्यांचा होऊनही एकेकाचा उरतोस. आपला आणि परका हा भेद तुमच्या दारी नाही. माणसाच्या दारी मात्र तो आहे, आणि तो पुसायला निघालेला माणूस कधी कधी आपल्याच माणसांत परका होऊन बसतो. अशा एका सज्जनाचे चरित्र सांगायचे आहे. शब्दांना बळ द्या, आणि ज्याचे चरित्र त्याच्याविषयीचे प्रेम शेवटपर्यंत ओसरू देऊ नका.

त्यांचे नाव कानिफनाथ. गाव कोल्हार, वस्ती शहरातल्या सावेडी उपनगरात, वय अठ्ठावन्न. विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाला साहाय्य करणाऱ्या शासकीय विभागाचे ते प्रमुख. एम.एस्सी. करणाऱ्या, संशोधनात उतरलेल्या मुलामुलींना फेलोशिप द्यायची, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना उपकरणे मिळवून द्यायची, वर्षाअखेर प्रत्येकाचा अहवाल वाचून पुढच्या वर्षाची मंजुरी द्यायची, हे त्यांचे काम. आणि ते काम त्यांनी पूजेसारखे केले. अहवाल आला की त्याच्या शेवटच्या पानावर सही करून मोकळे होणारे ते अधिकारी नव्हते. शिसपेन्सिल घेऊन बसायचे, ओळ न् ओळ वाचायचे, समासात बारीक अक्षरात लिहायचे, "हा प्रयोग पुन्हा करून पाहावा", "हे फार सुंदर आहे." मंजुरीची पत्रे निघायच्या दिवशी प्रत्येक नाव एकदा ओठांवर घेतल्यावाचून त्यांनी पाकिटे बंद होऊ दिली नाहीत. शेकडो लेकरांचे ते पालक होते, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांना ठाऊक नव्हता.

आणि त्यांनी एक व्रत घेतले होते.

अकरा वर्षांपूर्वी ते प्रमुख झाले आणि पहिल्याच यादीत कोल्हारची दोन नावे लागली. दोन्ही मुले गुणांवर आली होती, पण लोकांच्या जिभेला हाड नसते; "गाववाल्यांचा साहेब" हे नाव आठवड्यात कचेरीभर झाले. त्यानंतर गावाकडे जाणेही अवघड झाले. लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आधी कुणी खिशातून गुणपत्रिका काढायचा. एवढेच काय, त्यांची पत्नी गेली, दशक्रियेला घाटावर पिंडाकडे डोळे लावून ते उभे होते, आणि मागून एका हाताने अर्ज पुढे केला. त्या दिवशी ते घाटावरून परतले ते गावाकडे पाठ करूनच. मूलबाळ नव्हतेच. मग उरली सावेडीतली दोन खोल्यांची सदनिका आणि कचेरी.

व्रत लेखी होते. कोल्हारमधील वा नात्यातील कोणाही विद्यार्थ्याचे प्रकरण प्रमुखांसमोर मांडू नये, त्याचा त्यांच्याजवळ उल्लेखही करू नये, ते परस्पर उपप्रमुखांनी निकाली काढावे. अशा फायलींवर लाल शाईने "आप्त" असे लिहायचे आणि त्या वेगळ्या कपाटात ठेवायच्या. कपाट बाहेरच्या खोलीत होते. त्याच्यावरून जाताना कानिफनाथ मान वळवून घेत. सोवळ्यातल्या माणसाने अंग चोरून जावे, तसे.

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. विज्ञान दिनाची तयारी चालली होती, शिपाई कारभारी शिडीवर चढून कापडी फलक बांधत होता. तो तसाच खाली उतरला आणि आत आला.

"साहेब, एक म्हातारी बाई आल्यात. तासाभराची बसल्यात बाकावर. नाव विचारलं तर म्हणतात, नाव कशाला, गर्दी सरली की बोलाव."

"बोलाव की मग."

दारात छबूबाई उभ्या राहिल्या. थोरल्या भावाची बायको. कानिफनाथ सहा वर्षांचे असताना ही वहिनी उंबरा ओलांडून घरात आली होती, आणि आईमागे तिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून शाळेत धाडले होते. कानिफनाथ खुर्चीतून ताडकन उठले.

"वहिनी! तुम्ही बाहेर बाकावर?"

"मग कुठं? भाऊजी म्हनावं का साहेब, हेच ठरंना. म्हनलं, बाकावर बसावं तवर. बाकाला काय, कुनीबी चालतं."

"बसा, वहिनी. चहा सांगतो."

"च्या नगं. आन् भिऊ नगा, मी काय मागाया न्हाई आले." त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. "एकच इचारायचंय. आमच्या सृष्टीनं काय चूक केली, तेवढं सांगा. चूक कळली म्हंजी पोरीच्या जिवाला थारा लागंल."

सृष्टी म्हणजे छबूबाईंची नात, मुलाची, रामची धाकटी लेक. तिला फेलोशिप मिळाल्याचे कानिफनाथांना ठाऊकही नव्हते. त्यांच्याच आदेशाने ते त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हते.

"कशाची चूक, वहिनी?"

"पहिल्या वर्साला मिळाली फेलोशिप. दुसऱ्या वर्साचा कागद तिनं आगष्टात धाडला. तवापासनं उत्तर न्हाई. दोनदा लिव्हलं, तरी न्हाई. म्हनती, आज्जी, माजं काम वाईट ठरलं आसंल. दिवाळीपासनं घरी बसलीय. मिठानं मेलेल्या रानात गहू कसा जगवावा, त्याचे बारके जंतू ती शोधती. तिच्या मॅडमनी जागा धरलीय या म्हैन्याच्या शेवटापातूर. मग दुसऱ्या पोरीला देत्याल. मी म्हनलं, नानांला, म्हंजी तुम्हाला, फोन लाव. तर म्हनती, नको आज्जी, त्यांचा नेम मोडंल."

ही शेवटची ओळ ऐकून कानिफनाथांना बसवेना. त्यांनी लेखनिकाला हाक मारली. सुनील आला, छबूबाईंना पाहून दारातच थबकला.

"सुनील, कोल्हारचं एक प्रकरण आहे. कुठे आहे?"

"सर, आपल्यासमोर उल्लेख करू नये, असा आपलाच आदेश आहे."

"तो आदेश देणारा मीच विचारतो आहे."

सुनीलने खाली पाहिले. "कपाटात आहे, सर. उपप्रमुख जुलैअखेर निवृत्त झाले. पद रिकामं. नवीन साहेब आज येतील, उद्या येतील म्हणून ठेवली."

"त्या पदाचा भार कुणाकडे आहे?"

"आपल्याकडेच, सर."

सज्जनहो, पाहा. प्रमुख म्हणून जी फाईल त्यांनी पाहायची नाही, ती उपप्रमुख म्हणून त्यांच्याचकडे येणार होती. आणि तिथेही ते तेच होते. स्वतःच्या निःस्पृहतेने त्यांनी एका पोरीची वाट दोन्ही बाजूंनी बंद केली होती. कुणी लाच मागितली नाही, कुणी वैर धरले नाही. नेम मात्र काटेकोर पाळला गेला.

फाईल आली. लाल शाईतला शब्द वाळून तपकिरी झाला होता. आत अहवाल, गुणांचे कागद, सृष्टीची दोन पत्रे, सगळे क्रमवार लावलेले. कानिफनाथांनी अहवालावर हात ठेवला आणि तो उघडला नाही. वाचण्याचा मोह किती झाला असेल, ते शिसपेन्सिल झिजवणाऱ्यालाच कळावे.

"वहिनी, मुलीनं काहीच चूक केलेली नाही. चूक माझी आहे."

छबूबाईंनी फाईल त्यांच्याकडे सरकवली. "मग करा आता सही."

"ती मला करता येणार नाही. पण जो करू शकतो त्याच्याकडे मी स्वतः नेतो."

"व्हय? बरं." त्या उठल्या. "भाऊजी, लई वाळलात तुमी. कोन रांधून घालतं?" उत्तराची वाट न पाहता त्या निघाल्या.

कानिफनाथांनी त्याच बैठकीत पुण्याच्या आयुक्तालयाला टिप्पणी लिहिली. प्रकरण निर्णयासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे. आणि खाली एक वाक्य: "झालेला विलंब माझ्या लेखी आदेशामुळे झाला असून विद्यार्थिनी अथवा लेखनिक यांचा त्यात दोष नाही."

सुनीलने ते वाचले. "सर, चार महिन्यांवर निवृत्ती आहे. कार्यबाहुल्यामुळे विलंब झाला, असं लिहू या ना. सगळेच लिहितात. तुमच्या सेवापुस्तकात आजवर एक डाग नाही."

"त्या कपाटापुरता माझा हात माझ्याच आदेशानं बांधलेला होता, सुनील. तिथे कामाचं ओझं हे कारण कसं लिहू?"

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून ते तारकपूरच्या बसस्थानकावरून पुण्याला गेले. तिथल्या अधिकारी मनवाताई त्यांच्याहून वयाने लहान. त्यांच्या हाताखाली कधीकाळी काम शिकलेल्या. त्यांनी टिप्पणी वाचली, चष्मा काढला.

"सर, ही ओळ ठेवली तर मला कारवाई करावी लागेल."

"ठाऊक आहे."

"आणि मुलीचं काम मला पटलं नाही, तर नामंजूरही करीन."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलो."

"मग बाहेर बसा."

चार तास ते बाकावर बसले. आजवर कुठल्याही कचेरीत ते बाकावर बसले नव्हते. शेजारी एक मुलगी मांडीवर फाईल घेऊन बसली होती. दार वाजले की तिची मान वर व्हायची, आणि पुन्हा खाली यायची. आपल्या पत्रांतून आपण ज्यांना "संबंधित विद्यार्थी" म्हणतो ते असे दिसतात, हे त्यांना त्या बाकावर उमगले. तिला नाव विचारावे असे त्यांना फार वाटले. सवय नव्हती, राहून गेले.

मनवाताईंनी दार उघडले तेव्हा चार वाजून गेले होते. "काम चांगलं आहे, सर. एका प्रयोगावर मी शंका लिहिली आहे, तिनं उत्तर द्यावं. मंजूर केलं." आणि मग आवाज उतरवून, "तुमचं पत्र स्वतंत्र येईल."

सृष्टी महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी प्रयोगशाळेत हजर झाली. कानिफनाथांचे पत्रही आले. त्यांच्या कृतीबद्दल शासन तीव्र नापसंती नोंदवीत होते. त्यांनी ते दोनदा वाचले, सेवापुस्तकात लावायला सुनीलच्या हाती दिले, आणि नवा आदेश काढला: आप्तांचे प्रकरण आल्यापासून सात दिवसांत आयुक्तालयाकडे जावे, आणि गेल्याची नोंद प्रमुखांना तोंडी सांगावी. कपाट रिकामे झाले. कारभारीने त्यात विज्ञान दिनाचा फलक घडी करून ठेवला.

मार्चच्या एका रविवारी ते कोल्हारला गेले. सृष्टी तिथे नव्हती, ती आपल्या जंतूंत गुंतली होती. राम त्यांच्या पाया पडला, पाऊसपाण्याचे बोलला आणि बोलणे संपले. ओसरीवर एक वर्षभराची मुलगी रांगत होती.

"ही कुणाची?" कानिफनाथांनी विचारले.

"रेश्माची. आपल्या रामच्या थोरलीची," छबूबाई म्हणाल्या. "तिच्या लग्नाला तुमी नव्हता."

त्यांनी हात पुढे केला. मुलगी अनोळखी चेहरा पाहून रडू लागली. जेवताना छबूबाईंनी विचारले, "जूननंतर कुठं ऱ्हानार?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःही नव्हे.

"घर हाय तुमचं," वहिनी भाकरी वाढत म्हणाल्या. "पर मानसं आता तुम्हाला वळखत न्हाईत, भाऊजी. त्यांचा काय दोस? एका दिसात न्हाई व्हायचं ते. यायचं आन् बसायचं. कुनी बोललं न्हाई तरी बसायचं."

ते संध्याकाळच्या गाडीने सावेडीला परतले. कुलूप उघडून त्यांनी दिवा लावला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

हे दयाघना, या एकट्या माणसावर तुझी सावली राहो. ज्यांची नावे त्याने ओठांवर घेतली, त्या सर्व लेकरांची विद्या फळो. छबूबाईंच्या घरी धान्याला बरकत येवो, रामच्या लेकींचा संसार आणि शोध दोन्ही भरभराटीस येवोत. आणि त्या ओसरीवरचे ते लहानगे पाऊल एक दिवस आपण होऊन कानिफनाथांकडे चालत जावो. त्या घराचे सदा कल्याण होवो, मंगल होवो.