भाड्याच्या गाडीला कुंकू

बदलापूर स्टेशनबाहेर जांभळांच्या पाटीचा आंबटगोड वास आला आणि बाबा आठवले.

इथून जवळच चामटोली गावात राहणाऱ्या माझ्या आईबाबांना मी एकदा ऑस्ट्रेलियाला नेलं होतं. द्राक्षांचे मळे आणि वाइनची गावं बघायची म्हणून ॲडलेडच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेतली. किल्ली मिळताच बाबांनी आईच्या डबीतलं कुंकू बॉनेटला लावलं.

"बाबा, भाड्याची आहे ही."

"गाडी भाड्याची. आत बसनारी मानसं तर आपलीच हायेत ना?"

वाइन त्यांनी नुसती हुंगली. "आपल्या जांभळांचाच वास," म्हणाले. मग दोघं मागच्या सीटवर, काचा खाली करून, दिवसभर मळे बघत बसले.

आता दारात स्वतःची गाडी आहे, ते दोघं नाहीत. गेल्या दसऱ्याला तिला कुंकू लावलं आणि मागचं दार उघडून मी उगाच उभा राहिलो.