न्हाणीकडचा कट्टा

माझं तोंड वाईट आहे, हे अख्ख्या उदगीरला ठाऊक आहे. आता लपवून काय करू? सासूबद्दल सांगायचं तर त्या तोंडापासूनच सुरू करावं लागतं.

माझी सासू सरजाबाई. मी आत्याबाई म्हणायची. ऐन तरुणपणी कुंकू पुसलं गेलं, तरी दुसऱ्याच्या रानात खुरपून एकटीनं लेकाला वाढवलं. तो लेक, म्हणजे माझे मालक भुजंग, बारा वर्षं नांदेडला लाकडाच्या वखारीत राबले. आत्याबाईंचं एकच म्हणणं असायचं, लेक घरी पाहिजे. म्हणून मालकांनी जुनं पट्टीचं आरायंत्र आणलं आणि घरामागं शेड टाकलं. वर एक मोठं चाक, खाली एक, आणि दोन्हींवरून दातेरी पट्टी फिरायची. खालचं चाक एका कट्ट्यावर, वरच्या चाकाचा खांब दुसऱ्या कट्ट्यावर. मलप्पा फिटरनं ते बसवून दिलं, मालकांचा वखारीतला दोस्त. खांबाच्या कट्ट्याला लागून, कुडापलीकडं आत्याबाईंची न्हाणी होती. न्हाणी कसली, एक शहाबादी फरशी. आम्ही पुढच्या मोरीत न्हायचो, त्या तिथं. पाणी जागीच जिरायचं.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाचा दुष्काळ. टँकर दोन दिवसांआड यायचा, घराला सहा घागरी. काळ्या रानाला पाय अडकतील एवढ्या भेगा. त्यात नव्या जिल्ह्याच्या एका हापिसानं मालकांना नमुन्याच्या चार खुर्च्या सांगितल्या. पास झाल्या तर वर्षभराचं काम, नाहीतर परत नांदेडची वखार.

आणि नेमकं तेव्हाच यंत्र बिघडलं. सरळ रेघेवर फळी घातली तरी पट्टी डावीकडं ओढायची. फळी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. कधी चालत्या कामात पट्टी चाकावरून सुटायची. मालकांनी पट्टी बदलली, दात घासले, ताण कमी-जास्त केला. सागवान नुसतं वाया चाललं. शेवटी सगळा राग मलप्पावर निघाला. त्यानं बसवतानाच घोळ केला, असं दहा जणांत बोलून आले. मी म्हणलं, शिव्या देऊन चाक सरळ होतंय का? बोलवा की त्याला. न्हाई म्हणाले. मग मीच निरोप धाडला.

त्या दिवसांत आत्याबाई शेडातच बसून असायच्या, लेकाकडं बघत. तीन-चार पौर्णिमा झाल्या, विहारात वंदनेला गेल्या नव्हत्या. धम्म घेतला तेव्हापासून त्यांनी पौर्णिमा चुकवली नव्हती. सकाळी न्हायचं, पांढरं लुगडं नेसायचं आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं. आता विचारलं की म्हणायच्या, पाय दुखतेत. त्यांच्या अंगाचा वास यायला लागला होता. एक दिवस शेजारणी बसलेल्या असताना मी म्हणलं, "आत्याबाई, जरा लांब बसा, नाक धरून किती बसावं माणसानं?" त्या उठल्या आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मलप्पा आला. त्यानं आधी पान्याला हात लावला नाही. खांबाला ओळंबा सोडला, तर खांब कुडाकडं कललेला. वरच्या चाकापासून खालच्या चाकापर्यंत दोरी ताणली, तर खाली दोन बोटांची फट.

"यंत्र चांगलं हाय, भुजंग. खांबाखालचा कट्टा खचलाय," तो म्हणाला.

मग तो कुडापलीकडं गेला. आम्हीही गेलो. फरशी भेगेवर अधांतरी राहिली होती. त्यानं भेगेत कोपरापर्यंत हात घातला, वर काढला तर नुसती कोरडी माती.

"इथं रोज पाणी पडत होतं, म्हणून माती फुगून कट्टा धरून होती. कधीपासून बंद हाय?"

मी लिंबाखाली बघितलं. चुकलेल्या पौर्णिमा मोजल्या. तेवढेच महिने न्हाणी कोरडी होती.

मालकांनी विचारलं तेव्हा आत्याबाई गुन्हा केल्यासारख्या सांगायला लागल्या. लेकरू घामानं भिजून येतं, त्याला न्हायला पाणी पाहिजे. म्हातारीचं काय, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. मालक तिथंच भुईवर बसले.

मलप्पानं खांबाखाली लोखंडी पट्ट्या सारून चाकं एका रेषेत आणली. त्याच दिवशी फळी सरळ उतरली. मालकांनी त्याचे हात धरून माफी मागितली. तो म्हणाला, कोरडी राहिली तर माती अजून बसंल, पाऊस पडेस्तोवर रोज घागरभर पाणी इथं मुरू द्या. पुढं खुर्च्या लातूरला पास झाल्या आणि मालक परत कधी नांदेडला गेले नाहीत.

त्या संध्याकाळी मी घागर घेऊन आत्याबाईंना न्हाणीवर बोलावलं. त्या मागं सरल्या. "माझ्यावर नको गं घालू. भुजंगाला ठेव."

"तुमच्यावर कोण घालतंय? कट्ट्यावर घालतेय. तुम्ही नुसतं मधी बसा."

तेव्हा बसल्या. पाठीची हाडं मोजून घ्यावीत अशी होती. मी वज्रीनं पाठ घासली आणि रडले. आत्याबाई, माझं चुकलं, असं म्हणलं. जन्मात पहिल्यांदा म्हणलं.

मी त्यांचं अंग पुसून लुगडं गुंडाळलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"केवळा, परवा पौर्णिमा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "आता मी विहारात बसले तर चालंल का गं लोकांला?"